व्हेनिसला संध्याकाळ द्या: युरोप सहली काढणाऱ्या पर्यटन कंपन्यांना खुलं पत्र

सन्माननीय संचालक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

दर उन्हाळ्यात मराठी माणसांचे जथेच्या जथे युरोपला नेऊन सुखरूप परत आणणाऱ्या तुम्हा सगळ्यांना हे पत्र आहे. कुणा एका कंपनीचं नाव घेत नाही. घ्यायची गरजही नाही, कारण तुमची ब्रोशरं शेजारी शेजारी मांडून वरचे लोगो झाकले, तर कुठलं कुणाचं हे तुम्हालाही ओळखता येणार नाही. रोम, पिसा, फ्लॉरेन्स, मग व्हेनिस, आणि त्याच संध्याकाळी कोच ऑस्ट्रियाच्या रस्त्याला.

आधी तुमचं श्रेय तुम्हाला देते. ज्या काकू एकट्यानं कधी पुण्याच्या पलीकडे गेल्या नाहीत, त्या तुमच्या जिवावर आल्प्स बघून आल्या. व्हिसाचे कागद, विमा, कोचमधून उतरताना हात देणारा टूर मॅनेजर, दिवसभराच्या भटकंतीनंतर ताटात पडणारा गरम वरण-भात, हे सगळं जुळवून आणणं खायचं काम नाही. ग्रुप टूर म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. माझी तक्रार एकाच शहराबद्दल आहे, आणि त्यातही एकाच बाबतीत. व्हेनिसला तुम्ही चार-पाच तास देता, आणि तेही दिवसातले सगळ्यात वाईट तास देता.

हे माझं एकटीचं मत म्हणून सोडून देऊ नका. कुठले तास वाईट, हे व्हेनिसच्या नगरपालिकेनंच घड्याळ लावून जाहीर केलं आहे. २५ एप्रिल २०२४ पासून तिथं ठरावीक दिवशी, दिवसापुरतं येणाऱ्यांकडून प्रवेश शुल्क घेतलं जातं. पहिल्या वर्षी असे २९ दिवस होते, २०२५ मध्ये ५४. वेळ सकाळी साडेआठ ते दुपारी चार. २०२५ मध्ये आधी नोंदवलं तर ५ युरो आणि आयत्या वेळी उगवलात तर १०. चार वाजले की शुल्क संपलं, या खुशाल. आता हे दिवस कोणते? एप्रिल ते जुलै, बहुतेक शुक्रवार, शनिवार, रविवार. म्हणजे नेमकी आपल्या शाळांची उन्हाळ्याची सुट्टी. ज्या महिन्यांत आणि ज्या तासांत गर्दी आवरेना म्हणून शहर दारात पावती फाडतं, त्याच महिन्यांत, त्याच तासांत तुमचे कोच तिथं लागतात.

त्या चार-पाच तासांत काय होतं ते तुमच्या ऑफिसात बसून इटिनेररी लिहिणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसावं, म्हणून सांगते. ट्रॉन्केटो नावाच्या, मुद्दाम भर टाकून तयार केलेल्या बेटावर कोच थांबतो. तिथून खासगी बोट. बोटीत टूर मॅनेजर सूचना देतो: पाकिटं पुढच्या खिशात, बॅगा पोटाशी, बरोबर अडीच वाजता याच धक्क्यावर, उशीर झाला तर बोट थांबणार नाही. बोट जूदेक्का कालव्यातून सान मार्को या मुख्य चौकाच्या जवळच्या धक्क्याला लागते. मग पूल चढा, पूल उतरा, दोजच्या, म्हणजे जुन्या व्हेनिस प्रजासत्ताकाच्या प्रमुखाच्या, राजवाड्याचा फोटो, उसाशांच्या पुलाचा फोटो, चौकात ग्रुप फोटो, काचेच्या कारखान्याचं प्रात्यक्षिक, गोंडोला, टॉयलेटची रांग, परत बोट. याला शहर पाहणं म्हणत नाहीत, भोज्ज्याला शिवणं म्हणतात.

यात एक गोष्ट तुमच्या कुणाच्याच लक्षात कशी येत नाही, याचं मला खरोखर नवल वाटतं. या रस्त्यानं गेलेल्या माणसाला ग्रँड कॅनॉल दिसतच नाही! जूदेक्काचा कालवा म्हणजे शहराची बाहेरची बाजू. ग्रँड कॅनॉल शहराच्या पोटातून नागमोडी वळणं घेत जातो, साधारण पावणेचार किलोमीटर. सान मार्कोजवळच्या गोंडोल्या बहुधा लहान गल्लीकालव्यांतून फिरवून आणतात. फार तर ग्रँड कॅनॉलच्या मुखाला तोंड दाखवतात. म्हणजे माणूस घरदार सोडून, दोन-अडीच लाख मोजून, कालव्यांचं शहर बघायला जातो आणि तिथला मुख्य कालवा न बघता परत येतो. शिवाय त्याच कालव्यावरचा रियाल्तो पूल पाहिला असं समजतो, कारण कोचमध्ये त्याबद्दल ऐकलेलं असतं.

आणि हा कालवा पाण्यावरूनच पाहावा लागतो, त्याला तसंच कारण आहे. व्हेनिसच्या जुन्या हवेल्यांचं पुढचं दार पाण्याकडे असतं. मालक, पाहुणे, माल, सगळं होडीतून यायचं. नक्षी, कमानी, संगमरवर, सगळा थाट त्या बाजूला. गल्लीतून चालणाऱ्याच्या वाट्याला येते ती मागची भिंत. का’ दोरो, का’ पेझारो, का’ रेझोनिको या हवेल्या चालत जाऊन पाहिल्यात तर ‘यात एवढं काय?’ असंच वाटेल. व्हेनिसच्या सांता लुचिया रेल्वे स्टेशनाच्या पायऱ्या उतरलं की समोरच वापोरेत्तोचा, म्हणजे सार्वजनिक बोटीचा थांबा आहे. एक नंबरची बोट पकडायची. ती आपल्या स्लो लोकलसारखी या काठाला, त्या काठाला थांबत पाऊण तासात सान मार्कोला पोचवते. एकेरी तिकीट साडेनऊ युरो. शहरातली सर्वोत्तम सफर हीच, आणि ती कुठल्याही ब्रोशरमध्ये ऑप्शनल म्हणूनसुद्धा नसते.

आता सान मार्कोकडे वळते, कारण तिथं तुमच्या हातून जे निसटतं त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

धक्क्यावरून राजवाड्याशी आलं की पाण्याकाठी दोन उंच खांब दिसतात. एकावर पंखांचा सिंह, दुसऱ्यावर संत थिओडोर. ग्रुप इथं थांबतो आणि सगळे राजवाड्याकडे तोंड करून उभे राहतात, कारण गाइड तिकडं बोट दाखवत असतो. त्यांच्या पाठीमागे, खांबांच्या पलीकडे, पाण्याकडे तोंड करून एक भक्कम, काहीशी उग्र दगडी इमारत आहे. ती झेक्का, म्हणजे व्हेनिसची टांकसाळ. याकोपो सान्सोविनोनं सोळाव्या शतकात बांधलेली. आता ती ग्रंथालयाचा भाग आहे. व्हेनिसनं १२८४ पासून सोन्याचं एक नाणं पाडायला घेतलं, साधारण साडेतीन ग्रॅमचं, आणि १७९७ मध्ये प्रजासत्ताक बुडेपर्यंत त्याचं वजन आणि कस जवळजवळ ढळू दिला नाही. त्यामुळे ते नाणं इजिप्तपासून मलबारपर्यंत कुणीही डोळे मिटून घ्यायचा. एका बाजूला संत मार्कसमोर गुडघे टेकलेला दोज, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या वलयात उभा ख्रिस्त.

आपल्याकडं या नाण्याला पुतळी म्हणत. होय, तीच. पुतळ्यांची माळ. शिवकाळातल्या नाण्यांच्या याद्यांत होनांच्या जोडीनं पुतळी येते ती हीच. मिरी, मसाले, कापड यांच्या बदल्यात व्हेनिसचं सोनं अरबस्तानमार्गे आपल्या किनाऱ्यावर उतरायचं, आणि व्यवहारातून बाहेर पडलं की सोनाराकडून कडी लावून बायकांच्या गळ्यात जायचं. पुढं आपल्याच सोनारांनी त्या नमुन्यावर पुतळ्या घडवल्या, मग त्यावर लक्ष्मी आली, आणि मूळ कुठलं ते आपण विसरलो.

तुमच्या दर ग्रुपमध्ये निदान चार-पाच बायका अशा असतील ज्यांच्या कपाटात आजेसासूची पुतळ्यांची माळ आहे. त्या टांकसाळीकडे पाठ करून त्या सेल्फी काढतात आणि त्यांना कुणी वळून बघ म्हणत नाही. दोष इटालियन गाइडचा नाही. त्याला पुतळी ठाऊक असायचं कारण नाही. तुमच्या मराठी टूर मॅनेजरला ठाऊक असायला काय हरकत आहे? दोन मिनिटांची गोष्ट. त्याच दोन मिनिटांत चौलही सांगता येईल. १५६३ मध्ये सेझारे फेदेरिची नावाचा व्यापारी व्हेनिसहून निघाला, आपल्या अलिबागजवळच्या चौलला, गोव्याला, विजयनगरला जाऊन पुढं ब्रह्मदेशापर्यंत पोचला, आणि १५८१ मध्ये परतल्यावर सगळं लिहून काढलं. म्हणजे आपण त्यांच्याकडे जायच्या कितीतरी आधी ते आपल्याकडे येऊन, मालाचे भाव बघून, टिपून गेले होते.

अशी माहिती सांगायला शांतता लागते, आणि इथं दुसरी अडचण येते. २०२४ पासून व्हेनिसमध्ये पंचवीसपेक्षा जास्त माणसांचा ग्रुप घेऊन फिरायला बंदी आहे, आणि लाउडस्पीकरलाही. तुमचा कोच चाळीस-पंचेचाळीस जणांचा. नियम सरळ आहे: दोन गाइड घ्या, दोन तुकड्या करा. प्रत्यक्षात काय चालतं? एकच गाइड पुढं छत्री उंच धरून चालते, निम्मी माणसं एका पुलावर आणि निम्मी मागच्या पुलावर, आणि मधल्यांनी दोन्हीकडचे हात बघून रस्ता काढायचा. ‘आपण वेगवेगळे ग्रुप आहोत असं दाखवा’ असं आम्हाला कुजबुजून सांगण्यात आलं होतं. आजोबा-आजींना परक्या देशात असली नाटकं कशाला करायला लावता? दुसऱ्या गाइडचे पैसे माणशी वाटले तर फार होत नाहीत. ते किमतीत धरा आणि ब्रोशरवर मोठ्या अक्षरात ‘पंचवीसचा ग्रुप’ असं छापा. लोक जास्त देतील, मी सांगते.

गोंडोल्याचंही तसंच. भाडं नगरपालिकेनं ठरवलेलं आहे आणि ते होडीमागे आहे, माणशी नव्हे. दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांना ११०. होडीत जास्तीत जास्त पाच जण. पूर्वी सहा असत, २०२० मध्ये ती संख्या कमी केली. म्हणजे पाच जण बसले तर माणशी अठरा युरो. तुमच्या ऑप्शनलच्या तक्त्यात माणशी किती लिहिलेलं असतं, ते ज्याचं त्यानं काढून बघावं. तुमचं कमिशन, बुकिंगची यातायात, सगळं मान्य. फक्त मूळ दर शेजारी छापा, एवढंच मागणं आहे.

आणि गोंडोल्यात बसवताना ती होडी काय चीज आहे हे कधी दाखवलंत? ती सरळ नसते. डावी बाजू उजवीपेक्षा चोवीस सेंटीमीटर रुंद असते. रिकामी होडी पाहिलीत तर एका कुशीवर झुकलेली दिसते. वल्हं एकच, उजव्या बाजूला. नावाडी मागं डावीकडे उभा. साधी सरळ होडी असती तर एका वल्ह्यानं गोल गोल फिरत बसली असती. हा वाकडेपणा आणि नावाड्याचं वजन मिळून ती नाकासमोर चालते. आठ जातींचं लाकूड, जवळपास २८० तुकडे. सान त्रोवाझो नावाच्या कालव्यावर गोंडोल्या दुरुस्त करणारा जुना कारखाना आहे. समोरच्या काठावर उभं राहिलं की उलट्या घातलेल्या होड्या, डांबराचा वास, रंगाचे डबे, सगळं फुकटात दिसतं. ज्यांना गोंडोल्याचा खर्च नको त्यांच्यासाठी त्रागेत्तो आहे. ग्रँड कॅनॉलवर पूल फक्त चार, त्यामुळे अधूनमधून मोठी गोंडोला या काठावरून त्या काठावर लोकांना सोडते. पाहुण्यांना दोन युरो. सांता सोफियाहून बसलं की समोर रियाल्तोच्या मासळी बाजारात उतरता येतं. आपल्या कोकणातल्या तरीवर बसून गेलेल्यांना हे काही नवीन नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर जी ओळख उमटेल ती बघण्यासारखी असेल.

काचेच्या कारखान्याबद्दल फार लिहीत नाही. भट्टीपुढं दहा मिनिटांत घोडा करून दाखवतात, तो बघायला मजा येते. मग दुकानात तासभर. १२९१ मध्ये आगीच्या भीतीनं शहरातल्या काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या, हा इतिहास सांगितला जातो. पण तुम्ही मुरानोला नेत नाही, सान मार्कोमागच्या शोरूमला नेता. तो तास परत मिळाला तर तिथून चालत पाच मिनिटांवर सान झक्कारियाच्या चर्चमध्ये जोव्हान्नी बेल्लिनीचं १५०५ मधलं चित्र बघता येतं. बसायला बाकं आहेत, थंडावा आहे, आणि कुणी काही विकत नाही.

आता गुडघ्यांकडे येते. तुमचे निम्मे प्रवासी साठीच्या पुढचे. व्हेनिसमध्ये चारशेच्या वर पूल आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाला पायऱ्या आहेत. हे बुकिंगच्या वेळी कुणी सांगत नाही. ‘थोडं चालणं आहे’ म्हणतात. आमच्यातल्या एका आजी तिसऱ्या पुलावर बसल्या, तर एक गणवेशातला माणूस येऊन नम्रपणे उठा म्हणाला, कारण तिथं पुलांच्या आणि चौकाच्या पायऱ्यांवर बसून राहायला मनाई आहे. पायऱ्यांवर बसून चिवडा-लाडवाचा डबा उघडला तर दंडही होऊ शकतो, आणि कबुतरांना दाणे टाकायला तर २००८ पासून बंदी आहे. हे आधी सांगितलं असतं तर त्या बिचाऱ्या भर चौकात ओशाळल्या नसत्या. ज्यांना पूल झेपत नाहीत त्यांना वापोरेत्तोनं न्या; बोटीत सपाट पाटावरून चढता येतं. पाण्याच्या बाटल्या विकत घ्यायला लावू नका, जागोजागी पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. चौकाचौकांत नक्षीदार दगडी विहिरी दिसतात, त्यांची गंमतही सांगा. चोहोकडे खारं पाणी असलेल्या या शहरात १८८४ पर्यंत नळ नव्हता. चौकाच्या फरशीवर पडलेला पाऊस खाली वाळूतून गाळून विहिरीत साठवायचे. आख्खा चौक म्हणजे पाण्याची टाकी. दुष्काळी तालुक्यातून आलेला माणूस हे ऐकून त्या विहिरीपाशी दहा मिनिटं रेंगाळेल, शोरूममध्ये नाही.

हो, आणि कृपा करून ‘तरंगणारं शहर’ हे छापणं बंद करा. ते तरंगत नाही. चिखलात लाकडाचे लाखो खांब ठोकून, त्यावर दगडाचा थर देऊन ते उभं केलंय. चिखलात हवा नसते म्हणून लाकूड कुजत नाही. पाण्यालगत जो पांढरा दगड दिसतो तो इस्त्रिया या समुद्रापलीकडच्या प्रदेशातला, ओल वर चढू नये म्हणून घातलेला. आता पाणीच त्या दगडाच्या वर चढायला लागलंय आणि वरच्या विटा खारीनं भुगा होताहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये भरती १८७ सेंटीमीटरवर गेली. पुढच्याच वर्षी समुद्राच्या तोंडाशी ७८ लोखंडी झडपा उभ्या राहिल्या, तेव्हापासून जरा निभावतंय.

मग माझं म्हणणं काय? सोपं आहे. वेळ उलटी करा.

एप्रिल ते जुलै तिथं उजेड फार उशिरापर्यंत असतो. जूनमध्ये सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो. चार वाजता शुल्क संपतं. चार ते नऊ म्हणजे उजेडाचे पाच तास, तुम्ही आज देता तेवढेच किंवा जास्तच. तुमचे ग्रुप बहुधा खाडीपलीकडे जमिनीवरच्या मेस्त्रेत किंवा पादोव्यात उतरतात. मेस्त्रे घ्या. ते व्हेनिसच्याच नगरपालिकेत येतं, त्यामुळे तिथं मुक्काम करणाऱ्याला प्रवेश शुल्कातून सूटही असते. फक्त नोंद करून ठेवावी लागते. सकाळी प्रवास उरका, दुपारी हॉटेलात आजी-आजोबांना तासभर आडवं होऊ द्या, आणि साडेचारला मेस्त्रे स्टेशनवरून लोकल पकडा. दहा-बारा मिनिटांत समुद्रावरच्या पुलावरून गाडी सांता लुचियाला. स्टेशनाच्या दारातून बाहेर पडलं की पायऱ्यांखाली थेट ग्रँड कॅनॉल! जगातल्या कुठल्याही स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याऐवजी हे स्वागत होत नसेल. मग एक नंबरची बोट, उतरत्या उन्हात हवेल्या, सान मार्को, जेवण, आणि रात्री गाडीनं परत.

कोचचा ड्रायव्हर सकाळपासून राबत असतो, युरोपात त्याच्या विश्रांतीचे तास कायद्यानं बांधलेले आहेत, हे मला माहीत आहे. म्हणून तर गाडीनं जा म्हणते. ड्रायव्हर झोपेल, ट्रॉन्केटोचं पार्किंग वाचेल, खासगी बोट वाचेल. जेवणाचं म्हणाल तर मेस्त्रे स्टेशनाच्या आसपास भारतीय आणि बांगलादेशी खानावळी आहेत. त्या भागात बांगलादेशी कामगारांची मोठी वस्ती आहे. भात-डाळीची आबाळ होणार नाही. जैन मंडळींचं आधी कळवावं लागेल, तेवढं तुम्ही करताच.

ज्यांना जमेल त्यांनी एक रात्र शहरातच काढावी, हे माझं खरं मागणं. मोठ्या बॅगा कोचमध्ये ठेवायच्या, एका रात्रीची पिशवी खांद्याला. खर्च वाढतो, मान्य. पण सकाळी सहाला खिडकीतून जे दिसतं ते मेस्त्रेत दिसत नाही. शहराला मोटारगाडी ठाऊक नाही, त्यामुळे दूध, भाज्या, धुणं, औषधं, कचरा, सगळं होडीतून येतं-जातं. कालव्यापासून पुढं हातगाडी. त्या हातगाडीला पुढं दोन लहान जादा चाकं असतात. पुलाच्या पायरीशी आली की गाडीवाला दांडी खाली दाबतो, लहान चाकं वरच्या पायरीवर टेकतात, मग मागची उचलतो. एकेक पायरी, पाणी-सोड्याचे क्रेट वाजत. ‘आत्तेन्सिओने!’ अशी आरोळी आली की आपण भिंतीला चिकटायचं. अशी दहा-पंधरा गाड्यांची वर्दळ साडेआठपर्यंत चालते, आणि मग पहिली छत्री उंचावलेली दिसते.

आता एक आडवा प्रश्न, जो तिथले लोकच विचारतात. मुक्कामाला आलेली माणसं तरी शहराच्या भल्याची आहेत का? रियाल्तोजवळच्या सान बार्तोलोमेओ चौकात एका औषधाच्या दुकानाच्या काचेत २००८ पासून आकडा लावलेला आहे: जुन्या शहरात आज किती रहिवासी उरले. १९५१ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास होते. २०२२ मध्ये आकडा पन्नास हजारांच्या खाली उतरला. घरं पाहुण्यांना भाड्यानं दिली जातात, तरुण मंडळी मेस्त्रेला राहायला जातात, आणि मग तीच तरुण मंडळी सकाळी उलट्या गाडीनं येऊन आपल्याला कॉफी देतात. म्हणून माझी विनंती परवाना असलेल्या हॉटेलपुरतीच आहे. स्वस्तात पडतं म्हणून बारा-बारा जणांना भाड्याच्या फ्लॅटमध्ये कोंबू नका. आपल्या गिरगावात, दादरमध्ये चाळी जाऊन काय झालं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना ही गोष्ट फोड करून सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, ‘बाई, लोकांनाच दहा दिवसांत सात देश हवे असतात, आम्ही काय करणार?’ अर्धं खरं आहे. कॅलेंडरवर टिका मारत फिरणारे आपल्यात कमी नाहीत. पण लोकांना सात देश हवेत हे तुम्हाला कळलं कसं? तुम्ही दुसरं काही कधी विकायला ठेवलंच नाही. भाजीवाल्यानं फक्त बटाटे मांडायचे आणि गिऱ्हाइकाला बटाटेच आवडतात म्हणायचं, असा हा प्रकार आहे.

पुढच्या उन्हाळ्याची ब्रोशरं दिवाळीच्या आगेमागे बाहेर पडतात. त्याआधी निदान एका डिपार्चरला व्हेनिसची वेळ चारनंतरची करून बघा. त्या पानावर किती वाजता शहरात शिरणार, किती वाजता निघणार, किती पूल चढायचे आणि गोंडोल्याचा सरकारी दर काय, या चार गोष्टी छापा. ग्रुप पंचवीसचा ठेवा. आणि टूर मॅनेजरांच्या प्रशिक्षणात ती टांकसाळ घाला. तुमच्यापैकी कुणी हे करणार असेल किंवा का करता येत नाही ते सांगणार असेल, तर जरूर लिहा. उत्तर आलं की जसंच्या तसं, एक शब्द न बदलता, इथंच वाचकांपुढं ठेवीन.

कळावे, लोभ आहेच.

आपली,
एक प्रवासी, डोंबिवली